कंट्रोल सँपल: आमचं घर

३ फेब्रुवारी
आजपासून रोज लिहिणार. बंद पडलेल्या कारखान्याचं अ‍ॅस्बेस्टॉसचं छप्पर उतरवताहेत. तिथल्या हवेतल्या तंतूंचा अभ्यास आमच्या लॅबकडे, आणि तंतू मोजणार मी. पेपरवर पहिलं नाव माझं, असं लॅबप्रमुख मॅडम म्हणाल्या नाहीत. पण चेहऱ्यावर दिसत होतं.

४ फेब्रुवारी
नियम: कपडे साइटवरच उतरवायचे, अंघोळ करायची, मग घर. बाथरूमपुढे ही रांग! पाणी बर्फासारखं. नियम कामगारांसाठी असणार. मी संशोधक. तसाच घरी आलो.

११ मार्च
रोज लिहिणं जमलं नाही. कामाचा व्याप.
बायको म्हणाली, तुमचे शर्ट झटकले की केवढी धूळ उडते हो, सगळी नाकात जाते. मी तिला या धुळीने फुफ्फुसांचं काय होतं यावर अर्धा तास लेक्चर दिलं. ऐकता ऐकता तिने दोन शर्ट धुतले.

२० जून
तुलनेसाठी स्वच्छ घर हवं होतं. आमचं सुचवलं. बायको दिवसातून दोनदा केर काढते, तंतूची काय बिशाद! फिल्टरमधून हवा ओढणारा पंप कपडे धुण्याच्या जागेजवळ ठेवला. प्लग तिथेच आहे.

२ जुलै, दुपारी
मायक्रोस्कोप बिघडलाय. कारखान्याच्या ऑफिसपेक्षा आमच्या घरात जास्त तंतू दाखवतोय.

३ जुलै
मायक्रोस्कोप ठणठणीत आहे. फिल्टरची अदलाबदल झाली असणार. वरच्या मजल्यावरच्यांचाही मला आधीपासून संशय आहे.

९ जुलै
पुन्हा सँपल घेतलं. दुप्पट. मॅडमनी शांतपणे विचारलं, तुम्ही कपडे कुठे बदलता? मी हवामानाबद्दल बोललो.

१० जुलै
धाबं दणाणलंय. स्वतःसाठी नाही, तिच्यासाठी. कपडे आता साइटवरच, अंघोळ गार पाण्याने. तसं पाहिलं तर ‘घरच्यांना होणारा संसर्ग’ हा मुद्दा पेपरमध्ये माझ्यामुळेच येणार.
संसर्ग नव्हे, संपर्क.

१२ जुलै
बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, एवढं शिकलेला माणूस तुम्ही, आणि धुण्याची बादली माझ्यापुढे सरकवली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

१५ जुलै
तिला एक्स-रेला नेलं. साफ आहे. सुटलो म्हणालो, तर डॉक्टर म्हणाले, हा आजार दिसायला वीस-तीस वर्षं लागतात, दरवर्षी येत जा.
फॉर्मवर एक रकाना होता: अ‍ॅस्बेस्टॉसशी संपर्क कशामुळे आला? मी तिला ‘कारखाना’ लिहायला सांगितलं. तिने ‘नवरा’ लिहिलं.