मीटरचं कपाट

सोमवार, ११ फेब्रुवारी
एल्स्पेथला जाऊन सात आठवडे झाले. मी ठीक आहे. कर्स्टीला फोनवर तेच सांगितलं. ती शनिवारी पर्थहून येणार, घर पाहणार आणि ठरवणार, बाबा एकटे राहू शकतात की नाही. म्हटलं, ये, घर उबदार असेल.
बेत: विटांचे दोन्ही जुने हीटर काढायचे. रात्री तापायचं, दिवसभर ऊब सोडायची, असे पेटारे. तापायची वेळ त्यांच्या आतलं घड्याळ ठरवतं. जागा अडवतात, दुसरं काही कारण नाही. भिंतीतल्या त्यांच्या वायरी शाबूत आहेत. त्यांवरच सॉकेट बसवून नवे हलके हीटर लावायचे. रोज पहाटे पाचला उठणे.

मंगळवार, १२
साडेआठला उठलो. शरीराला झोप लागते. अठ्ठावीस विटा परसात नेल्या. बैठकीतल्या हीटरवर एल्स्पेथचे हातमोजे होते. बाजूला ठेवले.
शेजारचा डॉड कुंपणावरून बघत होता. चाळीस वर्षं वायरमन होता. म्हणाला, वॉल्टर, वायरीला हात लावू नकोस, शनिवारी बहिणीकडून परत आलो की मी बघतो. तू जन्मभर नकाशे काढलेस, तेच काढ. मी बरं म्हणालो. मनात नाही.

बुधवार, १३, दुपारी
मेन स्विच मीटरच्या कपाटात. कपाटापुढे एल्स्पेथचे कोट टांगलेले आहेत. ते हलवायची गरज वाटली नाही. जपून काम केलं की पुरतं. बैठकीतलं सॉकेट बसवलं, एकदाही झटका बसला नाही. हाताला गुण असतो.
हीटर मात्र लागला नाही. एल्स्पेथच्या खुर्चीजवळचा दिवा लावून पाहिला. तोही नाही. दुकानदाराने सॉकेट खराब दिलं असणार. झोपायच्या खोलीतलं उद्या पहाटे पाचला.

गुरुवार, १४
सहा पन्नासला उठलो. बैठकीत तिचा दिवा लागलेला होता. मी लावला नव्हता. अशा गोष्टी मी मानत नाही. दिव्याला गुड मॉर्निंग म्हणालो, ते सवयीने. त्याच्यासमोर चहा घेतला. साडेसातला तो विझला.
नऊला दुसरं सॉकेट बसवलं. झटका नाही. वीजही नाही.

शुक्रवार, १५
घरात नऊ अंश. दोन स्वेटर. थंडी तब्येतीला बरी असं वाचल्याचं आठवतं. उद्या पहाटे पाचला दोन्ही सॉकेट उघडून नव्याने जोडणार. कर्स्टी यायच्या आत होईल.

शनिवार, १६
नऊला उठलो.
अकराला कर्स्टी आली. कोट काढला नाही. थेट डॉडला बोलावून आणलं. त्याने विचारलं, हे कधी केलंस? म्हटलं, दिवसा. तो खुर्चीत बसला. म्हणाला, अरे, घड्याळ हीटरमध्ये नाही, मीटरपाशी आहे. या वायरीत वीज येते रात्री साडेबारा ते सकाळी साडेसात. पहाटे पाचला हात घातला असतास, तर आज मी तुझ्या अंत्यविधीसाठी काळा टाय शोधत असतो. आळशी आहेस म्हणून वाचलास.
कर्स्टी खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, आई कपडे मध्यरात्रीनंतर का धुवायची? रात्रीची वीज स्वस्त म्हणून. आणि तुम्ही वीस वर्षं मशीनच्या आवाजावरून कुरकुरलात, बाबा.
मला वाटायचं, तिला झोप येत नाही.
डॉडला मीटर बघायचं होतं. कर्स्टी कपाटापुढचे आईचे कोट काढायला पुढे झाली. मी म्हटलं, राहू दे, मी काढतो. अकरा निघाले. पलंगावर ठेवले.
कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एल्स्पेथचं अक्षर: साडेबारा ते साडेसात. त्याखाली: वॉल्टरला सांगितलं. पुढे तीन खुणा, प्रत्येकीशेजारी वेगळं वर्ष लिहिलेलं.

रविवार, १७
कर्स्टीबरोबर पर्थला निघतो आहे. वायरिंग होईपर्यंतच, असं मी तिला सांगितलं. ती बरं म्हणाली. मी डॉडला म्हणालो होतो, तसंच.
कपाटात दोरीला बांधलेली पेन्सिल अजून होती. चौथी खूण मी केली.