यकृताचं घड्याळ

४ जानेवारी
आणि चावला. सतरा नंबर. हातमोज्यातून, थेट अंगठ्याला. बारा आठवडे त्याला चरबीचं खाणं मी स्वतः मोजून घातलं. त्याचं हे फळ. खाल्ल्या अन्नाला जागणं उंदरांच्या जातीत नाही.

रक्त थांबल्यावर काम पुढे सुरू. एकूण चाळीस उंदीर. वीस निरोगी, वीस चरबी खाऊन यकृत बिघडलेले. प्रत्येकाच्या यकृताचा तुकडा काढायचा, गोठवायचा, पाठवायचा. मग मशीन सांगणार, त्यात कोणतं जीन जागं आहे, कोणतं झोपलंय. निरोगी आणि आजारी यांत जो फरक, तोच आजार. उंदरात जो, तोच माणसात. इतकं सोपं आहे. लोक उगाच अवघड करतात.

पद्धत ठरवून टाकली. निरोगी सकाळी, आजारी दुपारी. आजारी यकृत फिकट, तुपकट असतं. ते हाताळल्यावर जेवण जात नाही. म्हणून आधी निरोगी, मग डबा, मग आजारी. शिस्त म्हणजे शिस्त.

७ जानेवारी
चाळीस तुकडे रवाना. या वर्षीचे संकल्प: पेपर छापणे. लिफ्ट न वापरणे. कुणावर विसंबून न राहणे.

संध्याकाळी ताईकडे. मागच्याच गल्लीत एकटी राहते. रक्ताच्या रिपोर्टमध्ये तिच्या यकृताचे आकडे चौपट आले आहेत. डॉक्टर म्हणतात, सुई घालून तुकडा काढून बघू, लवकर. ताई म्हणाली, शास्त्रज्ञ, तू सांग. मी म्हणालो, थांब. माझे उंदीर तेच सांगणार आहेत, तुला न टोचता. म्हणाली, तुझे उंदीर मला ओळखतात का रे? हसली. मग म्हणाली, बरं, तू म्हणतोस तर थांबते.

घरी बायको म्हणाली, डॉक्टर म्हणतात लवकर, तू म्हणतोस थांब. दोघांत डॉक्टर कोण? माझ्याही नावामागे डॉक्टर आहे. हे तिला नेमकं तेव्हाच आठवत नाही.

२० जानेवारी
ताईला अंगभर खाज. हवा कोरडी आहे. तेल लावायला सांगितलं.
लिफ्ट: वापरली. गुडघा.

११ फेब्रुवारी, सकाळी ९
डेटा आला. आकडेबाईकडे दिला. शेजारच्या खोलीत बसते, सगळ्या लॅबचे आकडे तीच सोडवते. उंदीर जन्मात हातात धरलेला नाही.

दुपारी ४
चहा राहिला, आधी लिहितो. दोनशे बारा जीन वेगळी निघाली. यादीत वरची अकरा कोणती? शरीराचं घड्याळ चालवणारी. पेशींना दिवस-रात्र कळते ती यांच्यामुळे. म्हणजे या आजारात यकृताची वेळच चुकते! बाहेर सकाळचे अकरा वाजलेले असताना बिचाऱ्याला दुपारचे तीन वाजल्यासारखं वाटतं. इतकी वर्षं हे कुणाला दिसलं नाही. मला एका दुपारीत दिसलं.

१२ फेब्रुवारी
साहेबांना सांगितलं. म्हणाले, ५ मार्चच्या मीटिंगमध्ये मांडा. चेहऱ्यावर आनंद दिसला नाही. मोठ्या माणसांना दुसऱ्याचं यश पचायला वेळ लागतो.

ताईला सांगितलं, तुझ्या यकृताचं घड्याळ बिघडलंय. वेळेवर जेव, वेळेवर झोप. सुई ५ मार्चपर्यंत नको. म्हणाली, अरे, तीस वर्षं शाळेत शिकवलं, जन्मभर घंटेवर जेवले. अपवाद म्हणून नोंद केली.

१९ फेब्रुवारी
आकडेबाई दारात. उंदीर किती वाजता कापले, विचारते. शोध लागला की चौकशीला लोक जमतात. वहीत आहे, म्हणालो. वही दाखवता का, म्हणाली. वही घरी राहिली, म्हणालो. वही टेबलावर होती. तिने वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, गेली. ही बाई धोक्याची आहे.

२३ फेब्रुवारी
तिने मला न विचारता माझी यादी माणसांशी ताडून पाहिली. एकशेसाठ रोग्यांच्या यकृतांचा डेटा कुठूनसा मिळवला. दोनशे बारापैकी जुळली नऊ. म्हणाली, चिठ्ठ्या टाकल्या असत्या तरी नऊ जुळली असती.

तिला समजावलं. माणसांचा डेटा असाच असतो. कुणी जेवून येतो, कुणी उपाशी, कुणी सकाळी, कुणी संध्याकाळी. वेळेचा ताळतंत्र नाही. माझे उंदीर बघा, म्हणालो. म्हणाली, तेच बघतेय.

पटलं असावं. गेली.

२६ फेब्रुवारी
बायको म्हणते, ताईंचे डोळे पिवळे दिसतात. जाऊन पाहिलं. ताईच्या खोलीतला बल्ब पिवळा आहे. बदलायला सांगितला. निरीक्षणशक्ती ही शिकवून येत नाही.

२८ फेब्रुवारी
बल्ब बदलला. पांढरा. डोळे तसेच. पडदे पिवळे आहेत, त्यांची छाया पडत असणार. पडदे बदला, म्हणालो. बायकोने ताईकडे पाहिलं. मग म्हणाली, बरं. आम्ही बदलतो. वाद न घालता ऐकलं, पहिल्यांदाच.

२ मार्च
बायको आणि ताई पडदे आणायला गेल्या. सकाळी सात वाजता. पडद्यांची दुकानं इतक्या लवकर उघडतात हे माहीत नव्हतं. संध्याकाळी परतल्या. पडदे नाहीत. रंग पसंत पडला नाही म्हणे. ताई दमलेली. उजव्या कुशीवर पडून होती, पाणीसुद्धा पडल्यापडल्या प्यायली. दोन शहाण्या बायकांना दिवसभरात एक कापड निवडता येत नाही.

स्लाइड्स तयार. चोवीस. शेवटच्या स्लाइडवर आभार. आकडेबाईचंही नाव घातलंय, लहान अक्षरात. मन मोठं पाहिजे.

५ मार्च, दुपारी
लिहितो, म्हणजे पुरावा राहील.

मी चोवीस स्लाइड्स दाखवल्या. आकडेबाई उठली, म्हणाली, माझी एकच आहे. मला वाटलं, पाठिंबा देतेय. चाळीस ठिपके, एकेका उंदराचा एक. निळे सकाळी कापलेले, लाल दुपारी कापलेले. पाठवलेल्या तुकड्यांच्या यादीत मीच वेळ लिहिली होती, तिथून उचलली. दोन वेगळे पुंजके. म्हणाली, आता निरोगी निळे आणि आजारी लाल करते. बटण दाबलं. चित्र तेच. एकाही ठिपक्याचा रंग बदलला नाही. म्हणाली, सगळे निरोगी उंदीर घेतले आणि निम्मे सकाळी, निम्मे दुपारी कापले, तरी ही अकरा जीन बदललेली दिसतील. ती घड्याळाची आहेत. वेळेप्रमाणे बदलणं हेच त्यांचं काम.

साहेबांनी विचारलं, निरोगी सगळे सकाळीच का? मी खरं ते सांगितलं. जेवण जात नाही म्हणून.

 साहेब म्हणाले, म्हणजे तुम्ही आजार नाही शोधला. जेवणाची सुट्टी शोधलीत.

सगळे हसले. मागच्या रांगेतलेही, ज्यांना काही कळलं नव्हतं ते.

बाहेर तिला गाठलं. म्हणालो, हे मला आधी सांगता येत नव्हतं? म्हणाली, दोनदा आले, एकदा ईमेल केला. ईमेल मी धरत नाही.

संध्याकाळी ७
घरी सांगितलं, ही बाई म्हणजे अस्तनीतला निखारा. बायको भाजी चिरत होती. म्हणाली, काहीतरीच काय, चांगली बाई आहे, फोनवर किती नीट बोलली.

कुणाशी?

माझ्याशी, म्हणाली. सुरी थांबली नाही.

सगळं बाहेर आलं. २३ तारखेनंतर बायकोने तिला फोन केला. एकच विचारलं: या उंदरांवरून माझ्या नणंदेचं काही कळेल का? ती म्हणाली, हे उंदीर चरबी खाऊन आजारी पडलेत. तुमच्या नणंदबाई चरबी किती खातात? ताई दोन घास खाऊन उठते. काडी आहे नुसती. बायकोने डॉक्टरांची वेळ घेतली. २ मार्चला ताईच्या यकृतातला तुकडा काढला. दुकान नव्हतं, पडदे नव्हते. असा तुकडा काढल्यावर काही तास उजव्या कुशीवर पडून राहावं लागतं.

बाहेरची एक आणि घरची एक. दोघींनी मिळून.

ताईला फोन केला. तूसुद्धा? म्हणाली, अरे, तुला वाईट वाटलं असतं. वाईट वाटू नये म्हणून फसवायचं, ही कुठली रीत? म्हणाली, चिडू नकोस, जेवलास का?

जेवलो नाही. कळू दे सगळ्यांना.

६ मार्च
सकाळी फोडणीचा वास आला म्हणून दोन घास खाल्ले. कुणी पाहिलं नाही.

संकल्प: नवी पद्धत. आजारी सकाळी, निरोगी दुपारी. मग बघू काय म्हणतात.

दुपारी. हेही चालणार नाही, असं आकडेबाई म्हणते. हिचं समाधान होत नाही.

९ मार्च
ताईचा रिपोर्ट. तिघं गेलो. मला खुर्ची नव्हती.

डॉक्टर म्हणाले, हा चरबीचा आजार नाहीच. शरीराचे स्वतःचे पहारेकरी यकृतावर उलटलेत. परक्यांना हाणायचं सोडून घरच्यालाच मारतायत. उपचार आहे. गोळ्या उद्यापासून, कदाचित कायमच्या. आणखी दोन-तीन महिने गेले असते तर यकृताचा दगड झाला असता.

मग फाइल उलटून म्हणाले, मी जानेवारीत सांगितलं होतं. तुम्हाला थांबवलं कुणी?

बायको खिडकीबाहेर बघायला लागली. मी घसा साफ केला.

ताई म्हणाली, कुणी नाही हो. मीच सुईला घाबरले.

ताई सुईला घाबरत नाही. लहानपणी मला इंजेक्शन घ्यायचं असलं की आधी स्वतःचा दंड पुढे करायची, बघ, काही होत नाही म्हणायची.

दोन महिने या केसवर मी काम केलं, आणि माझं नाव कुठेच निघालं नाही.

वरचं वाक्य खोडायला हवं. उद्या खोडेन.

१० मार्च
सकाळी ताईकडे गेलो. पहिली गोळी मीच द्यायची असं ठरवलं होतं. तिने आधीच घेतली होती. थोडा वेळ बसलो. तिने विचारलं, काही बोलायचंय का? नाही म्हणालो. कामावर गेलो.