न फिरवलेली प्लेट

विजय नगर, जबलपूर
१२ फेब्रुवारी २०२५

ती. भाऊदादास,
ज्योतीचा नमस्कार.

तुम्ही दोघं कुंडमला सुखरूप पोचले असाल. इकडे ठीक. हॉस्पिटलात ड्यूटीवर ड्यूटी करून राहिली, पाय भरून येतात. फोनच केला असता, पण तुझा फोन इंदूवहिनीच उचलते. शेजारचे तुळशीरामभैया उद्या तिकडे येऊन राहिले, पत्र तुझ्याच हाती देतील.

रविवारी ग्वारीघाटावर नर्मदामाईला नवसाच्या हलव्याची कढाई चढवली, छान झालं. वहिनी किती दिवसांनी हसली! "हलवा एवढासाच काहून घेतला गं?" म्हणे. पोट बिघडलं, असं मी सांगितलं. खोटं होतं ते.

दादा, वहिनीचा गळा तपासला त्या आमच्या नव्या गामा कॅमेऱ्याला भिंग नसतं. पुढे भोकाभोकांची जाड धातूची प्लेट असते. एक फोटो काढायचा, मग प्लेट पाव वळसा फिरवायची, म्हणजे भोकांच्या जागी धातू येतो अन् धातूच्या जागी भोकं. मग दुसरा फोटो. कॉम्प्युटर पहिल्यातून दुसरा वजा करतो. फालतूचं कटून जातं, गळ्यात खरंच असेल ते उरतं. प्लेट हातानं फिरवायची, अन् ते काम माझं.

तपासणीच्या दिवशी वहिनी घाबरली होती. पहिल्या फोटोनंतर मी तिच्याशी पोरांच्या गोष्टी करत बसली. प्लेट तशीच राहिली. सारख्यातून सारखं वजा केलं तर काय उरणार? फोटो कोरा आला, अन् आपण कॅन्सर गेला म्हणून पेढे वाटले.

तपासणीआधी देतो ते औषध लाळेच्या ग्रंथींतही जमतं, निदान त्या तरी दिसायला पाहिजे होत्या. शनिवारी दुसऱ्या पेशंटच्या फोटोत त्या दिसल्या. मशीनमधली वहिनीची नोंद काढली. दोन्ही वेळा प्लेट एकाच जागी. म्हणजे घाटावर मला माहीत होतं, दादा. तरी तोंड उघडलं नाही. हिंमतच झाली नाही.

आज डॉक्टरसाहेबांना सगळं सांगितलं. तपासणी पुन्हा होईल. त्यासाठी थायरॉइडच्या गोळ्या पुन्हा चार आठवडे बंद. मागच्या वेळी वहिनीला दोन पायऱ्या चढवत नव्हत्या. माझ्यापायी तिला ते सगळं परत भोगायचं आहे. गळ्यात काही नसेलही. पण आज ते कोणालाच माहीत नाही.

रविवारी पहिल्या बसनं येते. वहिनीला मीच सांगीन, शिव्या दिल्या तर खाईन. तोवर एवढंच कर, तिला "तू बरी झालीस" म्हणू नको.

तुम्हा दोघांची अपराधी,
ज्योती