माझ्या नावाचं मैदान

प्रिय फ्रोइलानदादा,

या नावाने तुला गेल्या अठरा वर्षांत कुणी हाक मारली नसेल. दचकलास ना? दचक. कागदावर मी तुझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे, तेव्हा दादा खरं तर तूच मला म्हणायला हवंस. पण माझी जीभ अजून जुन्याच वळणावर आहे.

परवा रेडिओवर तुझी मुलाखत ऐकली. 'चौतिसाव्या वर्षीच गुडघ्यांनी दगा दिला, केवढं हे दुर्दैव,' म्हणून निवेदक हळहळला आणि तू चक्क उसासा टाकलास. इथे दुकानात बसलेल्या बायकांची हसून हसून मुरकुंडी वळली. एर्मिनियामावशी म्हणाली, "अडतीस वर्षांचं गाढव याहून काय पळणार?" तुझ्या पहिल्या हंगामातही हेच. 'सोळा वर्षांचं पोर आणि छाती बघा!' छाती विशीतली होती, दादा. एकशे बारा गोल तू मारलेस, बहुतेक डोक्याने, ते तुझेच. मला चेंडू कधी जमला नाही. पण राजधानीत, कीतोच्या स्टेडियममध्ये चाळीस हजार माणसं ज्या नावाने ओरडायची ते माझं होतं, आणि मला ते परत हवं आहे.

तो दलाल आपल्या चोता खोऱ्यात आला तेव्हा आई तुरीच्या शेंगा सोलत होती. त्याला सतराच्या आतला स्ट्रायकर हवा होता. तू वीस वर्षांचा, मी सोळाचा. आईने बिस्किटांचा डबा उघडला, तुझा जन्मदाखला माझ्या हातात दिला आणि माझा तुझ्या. "एकाच पोटचे तुम्ही, कागदाचं काय एवढं?" तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. मी इबार्राच्या शाळेत नाव घालायला गेलो, तर कारकून तुझा दाखला बघून हसला, "वीस वर्षांचा बाप्या तू, आता कसली शाळा?" मग तुझ्या नावाने लष्कराचं बोलावणं आलं. ते वर्ष मी सीमेवर काढलं. लग्नात पाद्र्याने 'फ्रोइलान' म्हटल्यावर मी हो म्हणायचं विसरलो, रोसाल्बाला वाटलं मला लग्नच करायचं नाही. सगळ्या गावाने तोंड शिवून घेतलं होतं. आई चुलीपाशी मला माझ्या नावाने हाक मारायची आणि उंबऱ्याबाहेर तुझ्या.

आता तिला उंबरा कळत नाही. गेलं वर्षभर ती एकेक गोष्ट विसरत चालली आहे. तू पाठवलेल्या कपडे धुण्याच्या यंत्रात ती तुरी साठवते. नावं मात्र चुकत नाहीत. हमरस्त्यावर फळं विकणाऱ्या बायकांत बसून मला मोठ्याने एलादिओ म्हणते, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तुझा फोटो दाखवून सांगते, "हा माझा थोरला, फ्रोइलान."

म्हणूनच तू तुझा माणूस धाडलास. रविवारी गावच्या मैदानाला 'एलादिओ मिन्दा' हे नाव द्यायचंय, राजधानीतून कॅमेरे येणार, तोवर आईला इबार्राच्या वृद्धाश्रमात ठेवायचं. "चारच दिवस, म्हातारीला कळणारसुद्धा नाही," तो म्हणाला. मी त्याला दारातूनच हाकलला. नाव दिलं, शाळा दिली, लष्करातलं ते वर्ष दिलं. आई देणार नाही. मला तुझा राग येतो, दादा, फार राग येतो, आणि हे मी आज पहिल्यांदा लिहितोय. रविवारी तिला निळा झगा घालून पहिल्या रांगेत बसवणार आहे. पाटीवरचा पडदा ओढायला तू पुढे येशील तेव्हा ती तुला हाक मारेल. मी तिचं तोंड धरणार नाही. ओ द्यायची की नाही, ते तू ठरव.

तुझाच,
एलादिओ