मामांच्या आकड्याचे तुकडे

आलापल्ली,
मार्च १९५४

तीर्थस्वरूप गुणवंतमामा यांचे चरणी भाचा देवाजीचा साष्टांग नमस्कार. मामींचा गुडघा आता कसा आहे? वरोऱ्याची पोरे अजून आपल्या गणिताच्या तासाला थरथरतात ना? मी इथे मुखरूशेठच्या लाकडाच्या आवारात कारकून म्हणून सुखरूप आहे (म्हणजे अजून काढून टाकलेले नाही).

आपली अट तोंडपाठ आहे. १०००००९९९१ हा आकडा आपण ज्या दोन अविभाज्य संख्या गुणून तयार केला, त्या अक्षयतृतीयेच्या आत ओळखायच्या, तर चंदाचे लग्न माझ्याशी. नाहीतर नागभीडच्या त्या रेल्वेबाबूशी. मामाची मुलगी आपलीच, एवढ्या एका भरवशावर मी वाढलो. त्याला परीक्षा असते हे आईने सांगितलेच नव्हते.

आपल्यासारखा गणिती फुटकळ संख्या घेणार नाही, अशी माझी श्रद्धा. म्हणून मी एकतीस हजारांच्या पुढून सुरुवात करून खाली भागत निघालो (वर्गमूळ तिथेच येते, त्याच्या वर जायची गरज नाही, एवढे आपल्या छडीने शिकवले आहे). कागद संपले तेव्हा सागाच्या ओंडक्यांची कापलेली तोंडे दिसली. तिथे गेरूने नंबर आणि घनफूट टाकायचे असतात. मी भागाकार टाकले. लिलावाला एका काटकुळ्या ओंडक्यावर माझी अठ्ठावीस हजारांची बाकी वाचून व्यापारी भडकले. राखणदार पोचू सर्वांदेखत म्हणाला, "देवाजीभाऊ, हे लाकूड व्हय का पहाड? एवढं माप काऊन?" मुखरूशेठने मला बादली आणि चिंधी दिली. तोंडे धुतली, आणि मी कुठवर आलो होतो तेही त्याच पाण्यात गेले. मामा, मला तिथेच रडू आले. चंदा मला फार आवडते, आणि तिलाही मी चालतो असे मामी म्हणाल्या होत्या. पण हरलो, हे कळवतो.

आपला नालायक भाचा,
देवाजी

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी, हरलेल्याला वेळच वेळ म्हणून, लहान संख्यांनी भागून पाहिले. त्र्याहत्तरने निःशेष भाग गेला! मग एकशे सदतीसने. उरले ९९९९१, ते काही केल्या फुटत नाही. मामा, हे तीन झाले. आपण दोन म्हणाला होता. पहिल्या दोहोंचा गुणाकार १०००१ येतो. आपण तोच अविभाज्य धरला असावा.

आणखी ता. क. दोन संख्या काही मला देता आल्या नाहीत, तेव्हा अटीप्रमाणे मी हरलोच. पण कसा हरलो, असे वरोऱ्यात कुणी विचारले तर मला खोटे बोलता येत नाही (आपलेच संस्कार). तेव्हा मुहूर्त कळवावा, म्हणजे कुणी विचारणारच नाही.