आधी खांबाचा स्विच बघा

अहो,

मोटरहोममध्ये लाइट नाही. आरडाओरडा करू नका, ऐकायला आत कोणी नाही. तुम्हीच माझ्याकडून पाठ करून घेतलंय तसं तपासा: आधी कॅम्पमधला विजेचा खांब, मग बॅटरी, मग केबल.

आपल्या जागेच्या खांबावरचा स्विच चालूच असेल. तो मी पाडलेला नाही. आजवर एकदाही पाडला नव्हता, पण प्रत्येक वेळी बोलणी मीच खाल्ली.

बॅटरीच्या नादी लागू नका. काल रस्त्याकडेला थांबलो तेव्हा तुम्ही मॅच बघून ती संपवलीत. मॅच पुरी व्हावी म्हणून आईंचा हीटर बंद केलात, आणि वर मला म्हणालात, "म्हातारीला कुठे कळतंय!" सख्ख्या आईबद्दल. त्या जाग्या होत्या, पांघरुणात कुडकुडत.

राहिली केबल. ती खांबाला लावलेलीच आहे, फक्त दुसरं टोक आपल्या गाडीत नाही. तिच्या मागोमाग चालत गेलात की समोरच्या, मी भाड्याने घेतलेल्या मोटरहोमपाशी पोचाल. तिथे हीटर मस्त चालतोय. आम्ही दोघी उद्या तीच गाडी घेऊन पुढे जाणार आहोत.

फ्रिजमधलं दूध आजच पिऊन टाका, नासेल. टॉर्च सिंकपाशी ठेवलाय. त्यातले सेल काढून घेतलेत, आईंच्या रेडिओला हवे होते.

आमच्या गाडीचं दार वाजवू नका. आतून कडी आईंनीच लावली आहे. मी त्यांना विचारलं, मुलाला दोन शब्द लिहू का तुमच्यातर्फे? म्हणाल्या, "राहू दे. त्याला कुठे कळतंय!"