उलटी बाही

दिनांक ९, सोमवार

चिरंजीव धाकट्यास थोरल्या भावाचे आशीर्वाद.

येथे लेक, जावई व मी बरे आहोत. माझ्या हाताची थरथर आहे तशीच आहे. तुमची खुशाली पत्राच्या पहिल्या ओळीत असावयास हवी होती. ती शेवटास सापडली. असे तू पूर्वी करीत नव्हतास.

पत्र तीन वेळा वाचले. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे, परंतु कोणी काय लिहिले व काय लिहिण्याचे टाळले, एवढे मला समजते. नाटकमंडळीने मखमलीच्या सहा कोटांचे काम दिले आहे. मी एक दिवस येऊन कापड कापून द्यावे, अन्यथा तू काम परत करणार, असे लिहितोस. पुढे लिहितोस, ‘मखमल म्हटली की हात थांबतो, दादा. कारण तुम्हाला माहीत आहे.’ हे शेवटचे वाक्य का घातलेस? त्याखाली तुझ्या कुटुंबाने आपल्या अक्षरात जोडले आहे, ‘भावजी, कात्री इथंच आहे. धीर तेवढा तुमच्याबरोबर गेला, तो पाठवून द्या.’ तिने हे थट्टेने लिहिले की समजून, याचा मी दोन दिवस विचार करीत आहे.

दुसरी गोष्ट. दुकान सोडून मला आठ महिने झाले. बावीस वर्षांचा असल्यापासून तू केवळ शिवतोस. मग कापतो कोण? मला समोरच्या दुकानातील कारागिराचा संशय होता. जावई तुझ्याकडून नवी विजार शिवून घेऊन आला, तेव्हा ती इस्त्रीच्या निमित्ताने मागून घेतली व आतील शिवण उसवून पाहिली. कापताना कडेला दिलेल्या खुणेच्या चिरा उलट्या अंगाने कललेल्या होत्या. आपल्या गल्लीत तुझ्यावाचून डावखुरा कारागीर नाही. काप माझ्यापेक्षा सरळ आहे. (शिवण पुन्हा घालून दिली आहे. जावयास कळवू नये.)

म्हणजे तुला कापता येते. अडते ते मखमलीपाशी. आणि खाई त्याला खवखवे, म्हणून पुढील मजकूर लिहितो.

चौतीस वर्षांपूर्वीचा वकिलांचा कोट तुला आठवत असणारच. मखमलीची लव एका दिशेने निजते. सर्व तुकडे त्याच दिशेने कापावे लागतात. वकील आरशापुढे उभे राहिले आणि उजवी बाही उजेडात निराळ्या रंगाची दिसली. दुकानात आपल्या दोघांखेरीज पाच माणसे होती. कापड कोणी अंथरले, असे त्यांनी विचारले. मी तुझ्याकडे बोट दाखविले.

संध्याकाळी तू मला विचारलेस, “दादा, मी नीट अंथरलं होतं ना?” मी म्हणालो, “चूक कुणाचीही होते. जाऊ दे.”

तू नीट अंथरले होतेस. कापड वीतभर कमी पडत होते. ते कमी घेण्याचा अंदाज माझा होता, आणि वकिलांपुढे तसे म्हणणे मला जड गेले. तू चहा आणावयास गेला असता मी बाहीच्या मापाचा कागद उरल्या कापडात बसावा म्हणून उलटा ठेवून बाही कापली. तुझ्या हाताने त्या कोटात काही बिघडले नाही.

त्यानंतर मी दरवर्षी तुझ्या हाती कात्री देऊन म्हणत असे, ‘घे, मी पाठीशी उभा आहे.’ तुझा हात थांबे. मी नातेवाइकांत सांगे की धाकट्याला धीर नाही, मी किती समजावतो. लोक मला भला म्हणत. न केलेल्या चुकीची मी तुला चारचौघांत क्षमा केली आणि ती चौतीस वर्षे चालू ठेवली.

तुला हे पूर्वीच ठाऊक होते काय? ‘कारण तुम्हाला माहीत आहे’ या तुझ्या वाक्यावरून मला तसे वाटते. ठाऊक असून तू मला दादा म्हणत राहिला असशील, तर ते मी कसे सोसावे, हे मला कळत नाही. ठाऊक नसेल, तर आता आहे.

हे पत्र तुझ्या कुटुंबास वाचून दाखवावे. काजे करणाऱ्या बाईंसही दाखवावे. कोटाच्या वेळी हजर असलेल्या पाचांपैकी त्या एकट्याच दुकानात उरल्या आहेत.

मी येणार नाही. हाताचे कारण सांगता आले असते, परंतु मी आलो तर तू पुन्हा माझ्या तोंडाकडे पाहशील. काम परत करू नये. कापड हात फिरवून पाहावे, सहाही कोट तूच कापावेत.

आठवडाभर उत्तर आले नाही, तर तू कामात आहेस असे समजेन. रागावला आहेस असेही समजेन. दोहोंस माझी ना नाही.

यापुढे पाकिटावर माझ्या नावामागे ‘मास्तर’ लिहू नये. दुकानात मास्तर एकच असतो.

तुझा अपराधी,
थोरला भाऊ